सरांची यादी

सातवीच्या वर्गात मी पानिपतची तिसरी लढाई शिकवत होते. बी.एड.चं पहिलं वर्ष, अमरावतीतली एक शाळा, आयुष्यातला पहिला सराव पाठ. अंगावर आईची साडी आणि घामाने भिजलेला खडू. दहा मिनिटं एका दमात बोलले आणि पोरांना विचारलं, "समजलं का?"

साठ पोरं एका सुरात ओरडली, "हो!"

आणि मागून, पोरांच्या मधूनच, एक जाड आवाज आला, "मले नाही समजलं."

ते आमचे सर होते. आम्हाला इतिहासाची अध्यापन पद्धती शिकवायचे. पाठ पाहायला आलेले बाकीचे प्राध्यापक शिपायाकडून खुर्ची मागवत आणि मागच्या भिंतीला टेकून बसत. सर पोरांमध्ये बसायचे. बाकावर तिसरे म्हणून, नाहीतर सरळ खाली सतरंजीवर. सहा फुटी माणूस गुडघे छातीशी घेऊन शेजारच्या पोराच्या पुस्तकात डोकावत बसलेला. पोरांना पहिली पाच मिनिटं त्याचं हसू यायचं, मग ती त्याला विसरून जायची. आम्ही मात्र विसरत नव्हतो.

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलं. सर म्हणाले, "मले नाही समजलं." तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला आणि तास संपल्याची घंटा झाली. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी माझं नाव 'पानिपत'. त्यांना कुणाचंच नाव लक्षात राहत नसे. ज्याने जो पाठ घेतला तो त्याला आयुष्यभर चिकटायचा. माझी मैत्रीण 'दांडीयात्रा' होती. एक बिचारा तर दोन वर्षं 'प्लेगची साथ' म्हणून वावरला.

पाठ संपल्यावर व्हरांड्यात रडत उभी होते, तर सर जवळ येऊन म्हणाले, "समजलं का, हा प्रश्न नाही पोरी. थे भीक आहे. पोट्टे दयाळू असतात, टाकतात."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. मार्च लागला की ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळायचे आणि तो पावसाळ्यापर्यंत उतरायचा नाही. ज्या शाळेत आमचे पाठ असत, तिथल्या हेडमास्तरांचा चहा ते कधी घेत नसत. "पाठ पाहाले आलो, पाहुना नाही." पाठाच्या वहीत शेरा हिरव्या शाईने लिहायचे, एका ओळीच्या वर नाही. 'विद्यार्थिनी फळ्याशी बोलली.' 'नकाशा उलटा होता, पण आत्मविश्वास सरळ.' सगळ्यात वरचा शेरा म्हणजे 'चाललं'. तो दोन वर्षांत आमच्या अख्ख्या तुकडीत मोजून चार-पाच जणांना मिळाला असेल. मला नाही मिळाला.

एकाच मुलाला तो नेहमी मिळायचा. नांदगाव खंडेश्वरकडचा होता. बुटका, बोलताना मान खाली घालणारा, मेसमध्येही कुणाच्या आधी ताट न घेणारा. पण वर्गात शिरला की दुसराच कुणी व्हायचा. त्याने अजिंठ्याची लेणी शिकवली तेव्हा मी मागे बसले होते. पोरांकडून घरून गोधड्या-पोती आणवली, खिडक्या बंद केल्या, वर्गात अंधार केला. मग एका बॅटरीच्या उजेडात भिंतीवर लावलेलं चित्र इंच-इंच दाखवू लागला. आधी एक डोळा. मग कपाळ. मग हातातलं फूल. एका पोरीने घाबरून शेजारणीचा हात धरला. त्याने काही विचारलंच नाही, पोरंच विचारू लागली. घंटा झाली तरी सर खाली बसलेले. त्या दिवशीच्या शेऱ्याच्या जागी नुसतं एक हिरवं टिंब होतं, पेन टेकवून उचलल्यासारखं. तो मुलगा 'लेणी' झाला. "लेण्या, इकडं ये," असं सर हाक मारायचे आणि तो लाजायचा.

बी.एड. संपलं आणि आम्ही पांगलो. मी भातकुलीजवळच्या माझ्या गावी गेले, शिक्षक पात्रतेची परीक्षा पास झाले, भरतीची वाट पाहत बसले. भरती निघायची, कोर्टात जायची, परत निघायची. तेवढ्यात अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा दालमिलमध्ये सुपरवायझर. सासूने मला पाहिलं, कागदपत्रं पाहिली आणि म्हणाली, "मास्तरीण आहे, आज ना उद्या लागनच." तो 'उद्या' सहा वर्षं आला नाही. तेव्हा मी जैन मंदिराच्या बोळातल्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागले. दुकान एका वयस्क मुसलमान गृहस्थाचं. सगळे त्यांना चाचा म्हणत. माणूस भला होता. गिऱ्हाईक कटकट करू लागलं की म्हणायचे, "बेटा, तू बी.एड. है, तूच समजव."

लग्नसराई होती म्हणून रविवारीही दुकान उघडं होतं. दुपारची वेळ. मी एका म्हातारीला साड्या दाखवत होते. तिच्या नातसुनेसाठी हव्या होत्या आणि तिला काही पसंत पडत नव्हतं. गादीच्या कोपऱ्यात ओला दुपट्टा बांधलेला एक उंच माणूस येऊन बसला. कुणाचा तरी म्हातारा असेल, असं वाटलं. म्हातारी साडी घेऊन गेली, तेव्हा त्या माणसाने दुपट्टा सोडला आणि खिशातून वही काढली.

"पानिपत," सर म्हणाले, "त्या बाईले तू रंग सांगतला नाही. तिलेच सांगू देल्ला. चाललं."

आठ वर्षांपूर्वी हा शब्द ऐकला असता तर मी नाचले असते. आता कानाखाली मारल्यासारखं वाटलं. दुकानातल्या दोन्ही मुली पाहत होत्या. चाचांनी चहा मागवला.

"सर, हसाले आले काय माह्यावर?"

"नाही. पाहाले आलो." त्यांनी घडी घातलेला एक कागद उलगडला. "कॉलेजात मान्यतेची समिती येनार आहे. शिकून गेलेले पोट्टे कुठं लागले, थे दाखवा लागते. बाबूनं यादी केली. मले म्हने सही करा. मी म्हनलं, पाहून येतो आन् मंग करतो. तुह्या नावासमोर 'सहायक शिक्षिका' लिवलं आहे."

"म्हणून तुमी अमरावतीहून आले?"

"दर रविवारी जातो. एसटीनं. आतापरेंत हिवरखेडपरेंत जाऊन आलो."

एका सहीसाठी हा माणूस उन्हातान्हात गावोगाव फिरत होता आणि आमचे पाठ पाहत होता. हिवरखेडला 'दुसरं महायुद्ध' पेट्रोल पंपावर गाड्यांत हवा भरायचा. 'प्लेगची साथ' फायनान्स कंपनीसाठी लोकांच्या मोटरसायकली ओढून आणायचा. सर प्रत्येकाजवळ तास-तास बसले होते आणि प्रत्येकावर एक ओळ लिहिली होती.

मला एकदम राग आला. इतक्या वर्षांचा. मी काउंटरवरून म्हणाले, "मंग लिवा. साडीच्या दुकानात, लिवा. पन एक सांगा सर, तुमाले माईत होतं न हे? दरसाली शंभर पोट्टे घेता. कुठं जातात, माईत होतं न? मंग शिकवलं कशाले आमाले?"

सरांनी कागदाची घडी घातली. चहाचा कप तसाच होता, त्यावर साय धरली होती. ते म्हणाले, "मागच्या रविवारी लेण्याकडं गेल्तो."

मी विचारलं, कसा आहे. बाबूने त्याच्या नावासमोरही 'सहायक शिक्षक' लिहिलं होतं.

तो गेला होता. मार्चमध्ये. एका शाळेत चार वर्षं बिनपगारी शिकवलं, मग ती शाळाच बंद झाली. मग गोदामावर राखणदार म्हणून होता. सर पोचले तेव्हा बाप ओट्यावर बसला होता. आजारी होता का, विचारल्यावर बाप म्हणाला, "आजारी नोता. थकला होता." सरांनी पुढे काही विचारलं नाही. गावात येतानाच पानटपरीवर एकाने विहिरीकडे बोट दाखवलं होतं.

"त्याच्या बापानं मले कागद वाचाले लावला," सर म्हणाले. "माह्या पोराच्या नावापुढं काय लिवलं हाये, म्हने. मी वाचलं. सहायक शिक्षक. बापानं कागदावरून हात फिरवला. मंग म्हने, मास्तर, हे असंच राहू द्या. कुठंतरी तर लिवलेलं राहीन."

"मंग?"

"मी नाही म्हनलं. खोटं कसं लिवू? त्याच्यासमोरच खोडलं आन् 'मयत' लिवलं."

ते उठले, चप्पल शोधली. चाचा त्यांना सोडायला पायरीपर्यंत गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "मास्टरजी की तबियत ठीक नहीं लगती, बेटा." मी साड्यांच्या घड्या घालत राहिले. सर निघाले तेव्हा मी त्यांना वाकून नमस्कारही केला नव्हता.

त्यानंतरचं मला दांडीयात्रेकडून कळलं. ती कॉलेजच्या ग्रंथालयात रोजंदारीवर होती आणि समिती आली त्या दिवशी पाहुण्यांना नाश्ता देण्याचं काम तिच्याकडे होतं. प्राचार्यांनी बाबूची छापील यादी पुढे केली. समितीतल्या बाईंनी सहज विचारलं, माजी विद्यार्थ्यांचं काम कोण पाहतं? सर उठले. आपली वही उघडली आणि उभ्यानेच वाचू लागले. नाव, गाव, काय करतो, किती वाजता भेट दिली. रसवंती. पेट्रोल पंप. शिकवणी. घरी. घरी. मयत. साडीचं दुकान. प्राचार्य दोनदा म्हणाले, "सर, नंतर." सर थांबले नाहीत. समितीतल्या एकाने पोह्यांची बशी खाली ठेवली. दांडीयात्रा म्हणाली, "माहं नाव आलं न, तेव्हा मले वाटलं जमिनीत जावं."

समिती निघून गेली आणि जाताना जाब विचारून गेली. संस्थेवर टांगती तलवार आली. मान्यता गेली असती तर कॉलेजातल्या कंत्राटी माणसांचं काम गेलं असतं, दांडीयात्रेचंही. स्टाफरूममध्ये सरांशेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. संस्थेने त्यांच्यावर चौकशी बसवली. आरोप होता, खोटी माहिती देऊन संस्थेची बदनामी.

आणि मग मला फोन आला. कॉलेजचा बाबू होता. अतिशय गोड आवाजात म्हणाला, "ताई, अकोल्यात आपल्या संस्थेच्या शाळेत जागा आहे. तासिका तत्त्वावर आहे, पन पुढं पक्की करू. फक्त एक पत्र द्या लागन. तुमी मागच्या वर्षीपासूनच तिथं आहात, असं."

"पन मी नाही आहे न."

"आता आहात समजा."

मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "इचार काय करायचा त्याच्यात?" सासू त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी रात्रभर जागले वगैरे काही नाही, चांगली झोपले. सकाळी पत्र लिहिलं. अक्षर सुंदर काढलं. रुजू झाल्याची मागच्या वर्षीची तारीख टाकली आणि सही केली. चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेढे आणले.

चौकशीला मला बोलावतील, हे बाबूने सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या सभागृहात लांब टेबलापलीकडे संस्थेची तीन माणसं बसली होती. अलीकडे एकट्या खुर्चीवर सर. मधल्या काळात वाळल्यासारखे दिसत होते. मला दाराशी उभं केलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या पाहत राहिले.

अध्यक्षांनी माझं पत्र सरांपुढे सरकवलं. "ही तुमची विद्यार्थिनी. तुमच्या वहीत हिच्यासमोर काय आहे?"

"साडीचं दुकान."

"आणि ती स्वतः लिहून देते की ती गेल्या वर्षीपासून आपल्या शाळेत शिक्षिका आहे. आता बोला."

सरांनी चष्मा लावला. पत्र हातात घेतलं आणि फार सावकाश वाचलं. त्यांच्या वहीत सगळं होतं. वार, वेळ, दुकानाचा पत्ता, म्हातारीने शेवटी घेतलेल्या साडीचा रंगसुद्धा. त्यांनी एक प्रश्न विचारला असता, की शाळेच्या हेडमास्तरांचं नाव काय, तरी मी तिथेच संपले असते. मी अजून त्या शाळेत रुजूही झाले नव्हते, मला ते नाव माहीत नव्हतं. मी मनात म्हणत होते, विचारा. खरंच सांगते, त्या क्षणी मला वाटत होतं की त्यांनी विचारावं.

त्यांनी पान उलटून मागे पाहिलं, मागे काही नव्हतं. मग चष्मा काढला.

"सही तिचीच आहे," ते म्हणाले. "अक्षरही तिचंच आहे. माझी नोंद चुकली."

अध्यक्ष पुढे वाकले. "म्हणजे यादी खोटी आहे?"

"ही नोंद चुकली."

"एक चुकली तर बाकीच्याही चुकू शकतात?"

सरांनी आपली वही टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "लिहा तसं."

बाबूने लिहिलं. सरांनी खाली सही केली. ज्या माणसाने एका सहीसाठी अख्खा उन्हाळा एसटीत घालवला होता, त्याला ही सही करायला एक मिनिटही लागलं नाही. वही टेबलावरच राहिली. संस्थेने ती ठेवून घेतली.

मी व्हरांड्यात थांबले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय धरायचे ठरवलं होतं, पण ते थांबलेच नाहीत, चालता चालता बोलू लागले आणि मला मागे जावं लागलं.

"कोन्ते वर्ग देल्ले?"

"सातवी, आठवी."

"विषय?"

"भूगोल."

"तुहा तर इतिहास."

"हो सर."

"मंग घरून वाचून जात जाय. पोट्ट्याइले काय माईत, तुहा विषय कोन्ता आहे थे."

"सर, मी तुमाले..."

"राहू दे." गेटपाशी ते उभे राहिले. माझ्याकडे न पाहता, रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "लेण्याच्या बापाले मी नाही म्हनलो. थे बरोबर होतं का चूक, थे मले अजून ठरवता येत नाही. दोनदा नाही म्हनाची हिंमत नोती, बस."

रिक्षा आली. ते बसून गेले.

समितीने खुलासा मान्य केला. कॉलेजची मान्यता राहिली, दांडीयात्रेचं काम राहिलं, पुढच्या वर्षी जागा पुन्हा भरल्या. सरांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, तेवढ्या काळापुरतं त्यांना निलंबित केलं. सन्मानाने निवृत्त व्हायचं भाग्य त्यांना मिळालं नाही, निरोपाचं भाषण नाही, शाल-श्रीफळ नाही. गल्लीतल्या त्या खोलीत ते एकटेच असायचे. दांडीयात्रा दोनदा डबा घेऊन गेली. दुसऱ्यांदा ते तिला म्हणाले, येत नको जाऊ, तुह्या नोकरीवर येईन. मी एकदाही गेले नाही. अकोला-अमरावती दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. मला दर रविवारी काही ना काही काम निघायचं.

दीड वर्षाने ते गेले. झोपेतच गेले म्हणतात. दूधवाल्याने दार वाजवून शेजाऱ्यांना बोलावलं. दांडीयात्रेचा फोन आला तेव्हा माझी सहामाही परीक्षेची ड्यूटी होती. मी वर्गात उत्तरपत्रिका वाटत होते. हेडमास्तर रजा देतील की नाही, हे मी विचारलंच नाही. जाऊन मी उभी कुठे राहणार होते? सहा-सात माणसं होती म्हणे स्मशानात. त्यात पेट्रोल पंपावरचा तो होता, अंगावर पंपाचाच शर्ट घालून आलेला.

माझी जागा यंदा पक्की झाली. सासू शेजारपाजाऱ्यांना सांगते, आमची सून शाळेत आहे. ते आता खरं आहे.

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत बी.एड.चे विद्यार्थी सरावासाठी आले. त्यांचे पाठ पाहायचं काम माझ्याकडे आलं. मी खुर्ची मागवली आणि मागे बसले. तेल्हाऱ्याकडची एक मुलगी होती, हुशार, आवाज खणखणीत. पाठ झाल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि मी शेरा लिहीपर्यंत तिला राहवलं नाही.

"मॅडम, खरं सांगा न. बी.एड. करून लागते का नोकरी? घरी सगळे म्हणतात, काहून पैसे घालवून राहिली. तुमी कशा लागल्या?"

तिच्या डोळ्यांत पाहून मी बरंच काही सांगू शकले असते. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "मला एका सरांनी लावलं."

ती खुलली. पर्समधून लगेच मोबाईल काढला. "मंग आमाले बी द्या न त्यांचा नंबर."

"ते वारले."

"अरे बाप्पा," ती म्हणाली. मोबाईल परत ठेवला, वही उचलली आणि पुढच्या तासाची घंटा झाली म्हणून पळत वर्गाकडे गेली.